जीपने येऊ नकोस

पंचवटी, नाशिक
फेब्रुवारी १९९९

प्रिय सिंधू,

तुझं पत्र मिळालं. दर वेळेसारखंच. चार ओळी खुशालीच्या आणि शेवटी ‘उन्हाळ कांदा निघाला की नक्की येते’. मागच्या वर्षीही हेच लिहिलं होतंस, त्याआधी लाल कांद्याचं निमित्त होतं. तुमचा एक कांदा लासलगावला जातो न जातो तोच दुसरा वाफ्यात उभा असतो, मग तू यायचीस कधी? आम्हाला गाव सोडून दोन वर्षं झाली आणि सासरच्या गल्लीतली माझी एकुलती एक मैत्रीण अजून माझ्या घराचा जिना चढलेली नाही. हे पत्र जरा मोठं होणार आहे. निकिताला वाचायला देऊ नकोस, पोर लहान आहे. चष्मा लाव, मागच्या पडवीत बस आणि तुझं तूच वाच. मला काय हवंय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तू शोधत बसणार नाहीस. तू माझ्याकडे राहायला यायचंस. कांदा निघायच्या आधी.

इथलं सगळं तुला कळवत आले, पण खरं सांगू, चांगलं तेवढंच कळवलं. नळ घरात आहे हे लिहिलं. तो पहाटे थोडा वेळ येतो, आणि खाली कलाबाईंनी मोटार लावली की आमच्या तोटीतून नुसती हवा फुसफुसते, हे लिहिलं नाही. कलाबाई म्हणजे आमच्या घरमालकीण. बाई मनाने वाईट नाही, पण पाण्याच्या वेळी तिला कुणी ओळखीचं नसतं. गॅसचंही तसंच. फुंकणी नको, धूर नको, डोळे चोळणं नको. पहिल्या दिवशी माझा स्वयंपाक इतका लवकर उरकला की उरलेल्या सकाळचं करायचं काय ते मला समजेना, मी सगळी भांडी पुन्हा घासली. पण सिलिंडर संपला की नंबर लावून देवाचं नाव घ्यायचं, आणि तोवर स्टोव्हला पंप मारत बसायचं. दूध पिशवीतलं. आमचा हर्षल सुरुवातीला त्याला तोंडच लावेना, म्हणे ह्याला गाईचा वास येत नाही. आता तोच पिशवीचा कोपरा दाताने तोडतो आणि माझा मार खातो.

आणि संडास घरात, स्वयंपाकघराला लागून. तू हसशील, पण कितीतरी दिवस मला तिकडे जायची लाज वाटायची. भिंतीच्या त्या बाजूला हे जेवतायत आणि ह्या बाजूला मी. गावात आपण दोघी पहाटे ओढ्याकडे निघायचो, तेव्हा निम्म्या गोष्टी वाटेतच व्हायच्या. सासूबद्दल जे काही बोलायचं ते आपण तिथेच बोललो, घरात कधी एक शब्द काढला नाही. मला दिवस गेलेत हे ह्यांच्याही आधी तुला त्याच वाटेवर सांगितलं होतं. इथे कडी लावली की माणूस एकटं. सोय आहे गं, नाही म्हणत नाही. पण बोलायचं कुणाशी? समोरच्या बिऱ्हाडातली बाई भेटली की हसते, दार लावून घेते, आणि तिचं नाव काय हे मला वर्षभराने तिच्या गॅसच्या पावतीवरून कळलं. हे सातपूरला कंपनीत, पाळ्या बदलत्या. दिवसपाळीला असले तर मी संध्याकाळपर्यंत आवाज काढते तो फक्त भाजीवाल्याशी.

एक गोष्ट मात्र मी तुला मुद्दाम लिहिली नाही. गावाकडे कुणाला ती बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. आपल्या गावची माणसं माझ्याकडे येतात, सिंधू. पुष्कळ येतात. पूर्वी दहावा ओढ्यावर व्हायचा, आता जीपगाड्या झाल्या, ज्याला त्याला रामकुंड हवं. आणि माझं घर रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. पहिली जीप आली ती भागुबाईंच्या दहाव्याची. मी गॅलरीत वाळवण घालत होते, काचेवर आपल्या देवीचं नाव दिसलं आणि मी वरूनच हाक मारली, अनवाणी जिना उतरले. माणसं एकेक करून उतरली तेव्हा भादरलेली डोकी दिसली. माझं हसू तोंडावरच राहिलं. कावळा शिवायला वेळ लागला होता, सगळी उन्हाने हैराण झाली होती. मी पाणी दिलं, चहा केला, ओले पंचे गॅलरीत वाळत घातले. तासाभरात गावातलं सगळं कळलं, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाची म्हैस व्याली. इतकी माणसं घरात बसलेली बघून मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

त्यानंतर जीप आली की मी खाली धावत जात नाही. गॅलरीतच उभी राहते. आधी कोण कोण उतरलं ते बघते आणि मग कोण उतरलं नाही ते शोधते. मामंजी दिसले की जीव भांड्यात पडतो. मग तुझे मालक, झुंबरभाऊजी, शोधायचे. त्यांचे ते कंगव्याला न ऐकणारे उभे केस जागच्या जागी दिसले, की सिंधू बरी आहे असं समजायचं आणि चहाचं आधण ठेवायचं. माझी खुशाली घ्यायची ही रीत तुला ऐकायला कशीशीच वाटेल, पण तुझी पत्रं चार ओळींची, मी दुसरं काय करणार? कलाबाई एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, “बाई, तुमच्या गावात कुणी उरलंय का?” मला राग यायला हवा होता. मी हसले आणि वर येऊन रडले.

आणि ही सगळी माणसं जाताना काही बोलत नाहीत. आपली रीतच आहे ती, दहाव्याहून निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. चपला घालायच्या, मान खाली घालायची आणि चालू पडायचं. त्यांची काही चूक नाही. पण माझ्या दाराचा विचार कर. एरवी कुणाच्याही घरून उठताना आपण ‘येते’ म्हणतो, समोरची ‘ये’ म्हणते, लहान पोरालाही ते शिकवावं लागत नाही. मी गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत भांडी चढवून झाल्यावर तुझ्या दारात येऊन मी ‘येते गं’ म्हटलं होतं आणि तू कणीक मळत्या हाताने माझा गाल ओढला होतास. इथले लोक हात हलवून ‘बाय’ करतात, आणि गावचे लोक येतात ते न बोलता जातात. ह्या घरातून आजवर आपलं एकही माणूस ‘येतो’ म्हणून गेलेलं नाही. कुंकवाचा करंडा मी दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलाय, तो पाहुणीसाठी अजून एकदाही उघडावा लागला नाही.

म्हणून मागच्या मंगळवारी दार उघडल्यावर समोर एकटे झुंबरभाऊजी दिसले, तेव्हा मला कोण आनंद झाला. मी गॅलरीतून वाकून बघितलं, खाली जीप नव्हती. डोक्यावरचे केस शाबूत. म्हटलं, अखेर एक माणूस नुसतं भेटायला आलं. पोहे केले, चहात साखर जास्त घातली, आणि सिंधूला का नाही आणलंत म्हणून त्यांच्याशी भांडायला सुरुवात केली. ते पोहे नुसते चिवडत होते. मग त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी सरकवली आणि तिच्यातून ते मोठं पिवळं पाकीट डोकावलं, ज्यात दवाखान्यात काढलेले फोटो ठेवतात ते.

दिवाळीत मी तुला विचारलं होतं, इतकी का वाळलीस. तू म्हणालीस, पित्त झालंय, जागरणं झालीत. मी मेली त्यावर विश्वास ठेवून तुला आवळकाठी खायला सांगून आले. भाऊजी म्हणाले, गाठ तेव्हाच होती. तू दोनदा नाशिकला येऊन गेलीस, सिंधू. दोनदा तुला इथल्या दवाखान्यात नळकांड्यात घालून तपासलं, आणि तू माझ्या घरावरून परत गेलीस. छायाला कळू देऊ नका, ती घर डोक्यावर घेईल, असं म्हणे तू बजावलं होतंस. घेतलं असतं. घ्यायचंच असतं. मला तुझा इतका राग आलाय की हे लिहितानाही पेन दाबून धरलंय, मागच्या बाजूला अक्षरं उमटली असतील. ते म्हणाले, तुला सगळं माहीत आहे, डॉक्टरांना तूच सरळ विचारलंस. आता कापण्यात अर्थ नाही, घरी ठेवा, आवडेल ते खाऊ घाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं, किती दिवस. भाऊजी आपल्या शेतकऱ्याच्या हिशेबाने म्हणाले, “उन्हाळ कांदा निघायच्या सुमारास, वहिनी.” तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मला तेव्हा आठवली. ती लिहिताना तुला माहीत होतं का गं?

ते उठले, पिशवी काखेत मारली, चपला घातल्या आणि काही न बोलता जिना उतरायला लागले. त्यांच्या येण्याचा रामकुंडाशी काही संबंध नव्हता, तरी ते तसेच निघाले. मला सहन झालं नाही. मी वरून म्हटलं, “भाऊजी, येतो म्हणा.” ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. वर न बघता म्हणाले, “वहिनी, तोंडातून निघंना.” आणि गेले. मी त्यांनाही मनात खूप बोलले. माणूस घरात जिवंत आहे आणि हे आत्ताच तिच्या दहाव्याहून निघाल्यासारखे निघाले. मग पोह्यांची बशी उचलताना बघितलं, त्यांनी त्यातला एक घाससुद्धा खाल्ला नव्हता, आणि माझा त्यांच्यावरचा राग गेला. तुझ्यावरचा अजून आहे.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की तोंडावर बोलायला गेले तर तू मला लसूण सोलायला बसवशील आणि विषय उडवून लावशील. रविवारी मी पहिल्या गाडीने येतेय, तुला न्यायला. दोन लुगडी घेऊन तयार राहा. निकितालाही घेऊ, शाळेचं मी बघते. जीप करायची नाही, काही झालं तरी जीपने नाही. आपण एसटीने येऊ, बसवलं नाही तर सगळा रस्ता माझ्या मांडीवर डोकं ठेव, आडगाव नाक्यावर हे रिक्षा घेऊन उभे राहतील. कलाबाईंनी खालची खोली रिकामी करून दिली आहे. मी त्यांना काही सांगितलं नाही, गावाहून मैत्रीण राहायला येतेय एवढंच म्हटलं. त्यांनी “राहायला?” असं दोनदा विचारलं आणि स्वतः खोली झाडून घेतली. दोन वर्षं तू जिना चढली नाहीस म्हणून मी भांडले, आता तो चढू नकोस. भाऊजी सांगत होते की पहाटे ओढ्यापर्यंत तुला चालवत नाही, निकिता धरून नेते. इथे चार पावलांवर आहे, सिंधू, आणि कडी मी बाहेरून धरून उभी राहीन, तू आतून बोलत राहा. पाणी काडी लावली की तापतं. पिशवीचं दूध पोटाला हलकं असतं म्हणतात. ज्या गोष्टींना मी दोन वर्षं नावं ठेवली, त्या सगळ्या आता तुझ्यासाठीच जमवून ठेवल्यासारख्या वाटायला लागल्यात. नदीवर गेलो तर बुधवारच्या बाजाराला जाऊ, बांगड्या भरू, कुंडाकडे बघायचंही नाही. कांदा भाऊजी काढतील. तुला घरी जावंसं वाटेल त्या दिवशी मी अडवणार नाही, तुझं घर ते तुझं घर. पण जाताना माझ्या दारात क्षणभर उभी राहा. मी करंडा उघडेन, तुला कुंकू लावेन, आणि तू ‘येते’ म्हण. ते खरं नाही हे तुला माहीत असेल आणि मलाही. तरी म्हण. मी ‘ये’ म्हणेन.

तुझीच शेजारीण,
छाया