तीन घोडे आणि उजवा डोळा

गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप वन्सं,

नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, ते नीट कळवा. गेल्या पत्रात नुसतं ‘दुखतो’ लिहिलं होतंत, आणि नुसत्या ‘दुखतो’वर कुणी काही सुचवू शकत नाही. तोवर शेक घ्या आणि धाकटीच्या बाळाला उचलून घेऊन फिरू नका. ते आता चालतं. इकडे मी बरी आहे. फोन न करता पत्र का लिहिलं, असं तुमच्या मनात येईल. आमचा फोन तुमच्या बंधूंच्या उशाशी आहे आणि त्यांचे कान ठणठणीत आहेत. बाकीच्या अवयवांची हकीकत पुढे देते.

तुमचे बंधू सध्या पाय उशीवर ठेवून बसलेले असतात. फोनवर त्यांनी तुम्हाला ‘जरा घसरलो’ एवढंच सांगितलं (मी स्वयंपाकघरातून ऐकत होते). घसरले हे खरं, कशामुळे घसरले ते सांगायचं राहिलं. गेली सव्वीस वर्षं दर शनिवारी वर्तमानपत्रात त्यांचं ‘आजचे घोडे’ हे सदर येतं आणि त्यासाठी ते आठवड्यातून तीनदा पहाटे रेसकोर्सवर घोड्यांचा सराव बघायला जातात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मागच्या आठवड्यात मंगळवारी ते नेहमीसारखे कठड्याला रेलून उभे होते. तबेल्याच्या दारात त्यांना एक तपकिरी घोडी दिसली. शेजारी घोड्यांचा ट्रेनर उभा होता. त्याला हे मोठ्यानं म्हणाले की महिन्याभरात हिचा पुठ्ठा छान भरलाय, आता हिला लांब पल्ल्याला काढा. ट्रेनर काही बोलला नाही, कारण ती त्याची बायको होती. तपकिरी कोट घालून, पाठमोरी, वाकून बुटाची नाडी बांधत होती. ती झटकन वळली, तेव्हा हे म्हणाले, ‘चपळही आहे.’ मग ती बोलली, आणि हे घाईनं मागे सरकले ते थेट पाण्याच्या बादलीत. घोटा सुजून दुधीएवढा झाला.

हे सगळं मला त्या बाईनंच सांगितलं. बिस्किटांचा पुडा घेऊन विचारपूस करायला आली होती. हसून हसून तिला बोलता येईना. जाताना म्हणाली, “पण खरं सांगू का, त्यांचं चुकलं नाही हो. मला लांबचाच पल्ला बरा पडतो.” मी हसले नाही. (नंतर न्हाणीघराचं दार लावून हसले.)

हसू ओसरल्यावर मात्र माझं डोकं चालू झालं. ज्याला दहा हातांवरची बाई आणि घोडी यांत फरक कळत नाही, तो माणूस दोनशे हातांवरचे घोडे कसे ओळखतो? म्हणून मी मागच्या सहा शनिवारांची कात्रणं काढली. बेचाळीस शर्यती, बरोबर आल्या दोन. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी चार आल्या असत्या! दुसऱ्याच दिवशी रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे यांनी तक्त्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवली. डॉक्टर खूश. मला शंका आली. मी तक्ता उलटा करायला लावला, तरी यांनी तीच अक्षरं त्याच क्रमानं म्हटली. आत बसलेल्या आधीच्या रोग्याचं ऐकून पाठ केली होती! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पार पिकलेला. डॉक्टर येत्या मंगळवारी शस्त्रक्रिया करायला तयार आहेत. त्यानंतर ते चार महिने परदेशी जाणार, आणि तोवर थांबलं तर उजव्या डोळ्याची नजर किती परत येईल याची हमी नाही, असं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. यांच्याकडे बघून सांगण्यात अर्थ नव्हता.

तर तुमचे बंधू म्हणाले, मंगळवार जमणार नाही. शस्त्रक्रिया म्हणजे तीन आठवडे धूळ नको, वाकणं नको, म्हणजे रेसकोर्स नको, म्हणजे सदर दुसऱ्याच्या हातात. मी संपादकांना भेटून आले. ते म्हणाले, तीन आठवडे कुणीही लिहा, नाव त्यांचंच राहील. तरी हे ऐकेनात. म्हणाले, “लोक दर शनिवारी मला शिव्या देतात. त्या दुसऱ्याला द्यायला लागले की मी संपलो.” मी चहा केला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी अट घातली: या शनिवारी घोडे मी बघायचे, मी निवडायचे, आणि माझे तीन जिंकले तर सदर माझ्या हाती सोपवून मंगळवारी ते निमूट डोळा देतील. तीन! स्वतःचे सहा आठवड्यांत दोन आणि माझ्याकडून एका दिवसात तीन. मी ‘हो’ म्हटलं. एकतीस वर्षं मुलींचं वसतिगृह चालवलंय, सात शर्यतींना काय घाबरायचं.

आता पहाटे साडेपाचला मी कठड्याशी असते. पहिल्या दिवशी ट्रेनरनं मला काही सांगितलं नाही. हे लोक घोड्याबद्दल दोनच वाक्यं बोलतात, ‘बरा आहे’ आणि ‘बघू’. म्हणून मी त्याचा नाद सोडला आणि मोतद्दारांकडे गेले. घोड्याचं खाणंपिणं, खरारा, सगळं तेच करतात, त्यामुळे पोटातली गोष्ट त्यांनाच माहीत असते (आमच्याकडेही मुलींची खरी बातमी आचारीणबाईंकडेच मिळायची). पन्नाशीचा एक मोतद्दार विडी ओढत बसला होता. मी विचारलं, “काल किती वाजता झोपला?” तो ताडकन उभा राहिला, विडी मागे लपवली आणि म्हणाला, “दहाला, बाई.” मी म्हटलं, तुम्ही नाही, घोडा. मग मात्र त्यानं सगळं सांगितलं. कोण तोबऱ्यात तोंड घालत नाही, कोण शेजारच्याचं खातो, कोण रात्रभर दाराला लाथा मारतो. मी वहीत लिहून घेतलं. एक जॉकी तिथे फिरत होता, काडीसारखा. मी म्हटलं, “नाश्ता केलास का?” तो म्हणाला, “मावशी, मी नाश्ता केला तर घोडा हरेल.” हा धंदा मला पटलेला नाही, हे इथेच लिहून ठेवते.

घरी येऊन वही वाचून दाखवायची, मग तुमचे बंधू प्रश्न विचारणार. कान कुठे होते? पुढे की आडवे? वळणावर डावा पाय आधी टाकला का? मी सांगते आणि ते डोळे मिटून ऐकतात. काल म्हणाले, “पांढऱ्या पायाच्या त्या घोड्याचा मागचा नाल सैल आहे, मला महिनाभर ऐकू येतंय.” आज जाऊन बघितलं तर खरोखरच सैल! म्हणजे कित्येक महिने हा माणूस घोडे नुसते ऐकून लिहितो आहे आणि आम्हा कुणाला पत्ता नाही. मी चिडले. मग चहा केला.

आता शनिवारचं. पहिली शर्यत हजार मीटरची, सगळी दोन वर्षांची पोरं, आजवर एकही पळालेलं नाही. वसतिगृहात पहिल्या दिवशी जी मुलगी मोठमोठ्यानं हसते ती तिसऱ्या दिवशी घरी जायचं म्हणून रडते, आणि जी गुपचूप आपली गादी घालते ती टिकते. त्या न्यायानं मी ‘तिसरी घंटा’ निवडली. सगळे फुरफुरत असताना ती उभ्या उभ्या डुलकी काढत होती. दुसऱ्या शर्यतीबद्दल माझं मत असं की ती रद्द करावी, नऊपैकी एकही धड नाही. (हे वाक्य यांनी खोडायला लावलं.) तिसरीत सगळ्यांची पसंती ‘बिनशर्त’ला आहे. दिसायला राजबिंडा, पण सुरुवातीच्या फाटकात शिरण्याआधीच घामानं निथळतो. असे परीक्षेच्या आदल्या दिवशीच थकलेले असतात. मी ‘सरळ रेषा’ लिहिलं आहे. चौथी सोळाशे मीटरची, त्यात ‘चुलतबहीण’ नावाची राखाडी घोडी आहे. तिच्याबद्दल मी फार लिहीत नाही. आज सकाळी तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे बघितलं.

सहावी शर्यत हँडिकॅपची. जो घोडा आजवर चांगला पळाला त्याच्या खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून वजन वाढवायचं आणि जो रेंगाळला त्याला हलका सोडायचा, म्हणजे सगळे एकदम पोचतील. हे मला समजावायला तुमचे बंधू अर्धा तास घेत होते. मी म्हटलं, यात समजावण्यासारखं काय आहे? चार सुनांच्या घरात हेच चालतं, जिला जमतं तिच्यावर आणखी. (राग मानू नका, सर्वसाधारण बोलते आहे. थोडं तुमच्या माहेराबद्दलही.) म्हणून सर्वांत जास्त वजनाच्या घोड्यावर मी विश्वास टाकला आहे. त्याला सवय आहे. पाचवी आणि सातवी यांनी निवडली. रुसले होते, म्हणून दिल्या.

लेख आज पोचता केला. शनिवारी मी स्वतः रेसकोर्सवर जाईन. केवळ कर्तव्य म्हणून. तब्येतीला जपा. बाळाला पापा.

तुमची,
वहिनी

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. छापून आल्याशिवाय तुमचे बंधू कुठलाच निकाल मानत नाहीत, त्यामुळे ते रविवारच्या पेपरची वाट बघणार. तो मी वाचून दाखवलेला त्यांना चालणार नाही. म्हणाले, “तुझा यात स्वार्थ आहे. निकाल ताई वाचेल. ताई जन्मात खोटं बोलली नाही.” रविवारी सकाळी ते तुम्हाला फोन करतील. म्हणून सोबत शनिवारच्या शर्यतींचे निकाल जोडले आहेत. पेपरात माझे तीन जिंकलेले असले तर ही यादी फाडून टाका. नसले तर पेपर बाजूला ठेवा आणि ही वाचा, सावकाश, घोड्याच्या नावापुढे थोडं थांबून. जन्मात खोटं न बोलल्याचा काहीतरी उपयोग व्हायला हवा, वन्सं, आणि तो याहून चांगल्या कामासाठी होणार नाही. शेजारच्या शिंपीणबाई उद्या तुमच्याकडच्या गाडीनं निघताहेत, त्यांच्या हाती पाकीट देते. चिकटवूनच देईन. त्या उघडतील. उघडू देत.

ता. क. दुसरा. यादीत माझे तीनच जिंकवले आहेत, शिवाय यांच्या निवडीतला पाचव्या शर्यतीतला एक. सगळेच माझे जिंकले तर त्यांना संशय येईल, आणि त्यांचा एकही नाही आला तर मंगळवारी डोळ्याबरोबर तोंडही पाडून बसतील.

ता. क. शेवटचा. चौथ्या शर्यतीपुढची जागा कोरी दिसेल, ती विसरून राहिलेली नाही. तिथे पेपरात जे असेल तेच वाचा. त्या राखाडी घोडीला माझ्या खोट्याची गरज नाही.