किसणीच्या मशीनला क्लॅम्प

मंगळवार, दिवाबत्ती झाल्यावर

मारुतीच्या प्रसादाच्या वड्यांसाठी नारळ किसायचं मशीन आज लकडगंजातून दुरुस्त करून आणलं. खालचं रबर ओट्याला धरतच नव्हतं. नवं कशाला घ्यायचं, म्हणून वेल्डरकडून लोखंडी क्लॅम्प लावून घेतला. आता हँडल कितीही फिरवा, मशीन हलत नाही. एकटीनं अख्खा नारळ किसला.

दर शनिवारी शेजारची शोभा येऊन मशीन दाबून धरायची. मी किसायची, ती सुनेची गाऱ्हाणी सांगायची. आज क्लॅम्प पाहून म्हणाली, "बरं झालं वं बाई, सुटली मी! माहे हात दुखून राहिले होते."

मीही हसले. क्लॅम्प खरंच पक्का बसलाय. पण तिच्याशिवाय या घरात येतं कोण? नुसतं बसायला ये म्हटलं, तर येईल का ती?