पेटीवर तुमचं नाव

आई,

सोमवारी पार्सल आलं. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बारा पट्ट्या, छापील किंमत पट्टीला चौऱ्याऐंशी. काजूचा डबा एक, किंमत खरवडून काढलेली. कुरिअरचे एकशे साठ. पाठवणारा तुमचा धाकटा. गोळ्या मात्र त्याच्या कंपनीच्या नव्हेत, दुसऱ्याच कुणाच्या. मी फोन लावला.

"अरे, हे काय?"

"वहिनी, आमच्या सध्या घेऊ नका. एका बॅचमध्ये गडबड आहे."

"पेपरात तर तू म्हणालास, गोळ्या चोख आहेत."

"तसं म्हणावं लागतं."

"मग देवळात मी वाटते त्या?"

मग म्हणाला, "तुम्ही सुम्मने राहा की, वहिनी. गप्प बसा. बोभाटा झाला तर माझी खुर्ची जाईल."

तुम्ही गेल्यावर मारुतीच्या देवळातला मंगळवारचा दवाखाना त्यानंच सुरू केला. त्याच्या कंपनीच्या गोळ्या तिथं फुकट, पेटीवर तुमचं नाव. बन्नूरहून, सरगूरहून बायका येतात आणि वाटायला मी बसते. स्कूटरवर औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात ताटकळणारा तो, कंपनीचा मोठा साहेब झाला. मधे डॉक्टरांना परदेशी फिरवल्याचं गाजलं, मग एका औषधाची किंमत दुप्पट केल्याचं. दर वेळी मी म्हणत आले, मोठ्या झाडालाच वारा लागतो. आता तेही म्हणवत नाही, दमले.

त्या रात्री गौरीचं जेवण आठवलं. सवाष्णी पाटावर बसल्यात, पुरणाला वास येतोय. तो नुकता नोकरीला लागलेला, म्हणतो, "वाढ गं, तूप घातलं की कुणाला कळतंय?" तुम्ही पातेलं त्याच्यासमोर मोरीत उपडं करता. "आपल्या पानात नको, ते त्यांच्या पानात कसं रे वाढू?" सगळ्यांना मग सारू-भात. तो रुसून माडीवर.

मंगळवारी दवाखान्याच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी पेट्या बांधून ठेवल्या, औषध खात्याला कळवलं. बन्नूरची म्हातारी चिडली, "अय्यो अम्मा, बसचे पैसे गेले की माझे!" माझ्या पार्सलातली एक पट्टी तिला दिली, बाकीच्या डॉक्टरांकडे.

संध्याकाळी त्याचा फोन. "वहिनी, तुम्हीच सांगितलंत?"

"मीच."

"तुम्हाला आईच्या जागी मानलं मी."

"म्हणून तर."

फोन ठेवला त्यानं. तेव्हापासून काही नाही.

पुढच्या आठवड्यात तुमचं श्राद्ध. हे गेल्यापासून तोच करतो. भटजी विचारून गेले, यंदा कोण बसणार? मी म्हटलं, कळवते. आला तर त्याच्या हातचं पाणी तुम्ही घ्याल का? पाकिटाला तिकीट लावलं नाही, पाच रुपये उगाच कशाला. पण आई, खरं सांगते, तो यावा असं मला फार वाटतंय. तुमच्या मनात काय आहे ते उलट टपाली कळवा.