शेवटची ओळ दिसत नाही

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
बडबडीचा सा. न. वि. वि.

महिना झाला, तुझा फोन काही लागत नाही. शेवटी कागद-पेन घेऊन बसले. बातमी अशी की इस्पितळाने मला प्रशिक्षणाला पाठवलंय. घरातल्याच माणसाचा मार खाणारी बाई जखम घेऊन आली, तर आम्ही नर्सनी तिला काय विचारायचं, कसं विचारायचं, हे तिथे शिकवतात. शिकवणाऱ्या बाई पोलिसातून निवृत्त झालेल्या आहेत. आवाज इतका हळू की अख्खा वर्ग पुढे वाकून बसतो. मीसुद्धा गप्प बसते, म्हणजे बघ!

काल नाटक होतं. मी जखमी बाई आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर नर्स. माझ्या हातात एक चिठ्ठी दिली आणि त्यातलीच वाक्यं म्हणायला सांगितलं: ‘मीच वेंधळी, दाराची कडी लागली. हे माझी फार काळजी घेतात.’ ड्रायव्हरच्या मिशा आणि वर ती नर्सची टोपी बघून आमची हसून हसून मुरकुंडी वळली. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही वाक्यं मी रचलेली नाहीत, अठ्ठावीस वर्षं ऐकत आलेय.

भाऊजींना नमस्कार सांग. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी बडबडी

१५ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. माझं अक्षर तिरकं आलंय, त्याला हसू नकोस. उजवं मनगट दुखावलंय. मीच वेंधळी, दाराची कडी लागली. चष्माही तेव्हाच फुटला, म्हणून हे सगळं अंदाजाने लिहितेय. तुझं पत्र यांनीच मला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. ड्रायव्हरच्या टोपीला फार हसले.

फोन यांनी बंद करून टाकलाय. पत्रात माणूस तोलूनमापून बोलतो, असं यांचं म्हणणं. हे माझी फार काळजी घेतात. पुढे काय काय शिकवतात ते एकूण एक लिही, असं यांनी आवर्जून सांगितलंय. पाकीट हेच चिकटवतात, तेव्हा यांचेही आशीर्वाद समज.

आठवण ठेव, जिवाला जप.

तुझी ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काय गं, माझ्याच चिठ्ठीतली वाक्यं उचलून माझीच फिरकी घेतेस? कडीचं वाचून मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप आली. पण चष्मा लवकर करून घे आणि मनगट शेकत जा.

भाऊजींना एवढी उत्सुकता आहे तर ऐका. नवरा तपासणीच्या खोलीतून हलत नसेल, तर बाईला लघवीचा नमुना द्यायला आत पाठवायचं. तिथे लाल टिकल्या ठेवलेल्या असतात. बोलायचं असेल तर तिने कपाच्या बुडाला एक चिकटवायची. कडी लावून बसायला न्हाणीघर, निरोप लिहायला पेन्सिलीचा तुकडा, शेजारणीकडे कपडे आणि कागदपत्रं भरलेली एक पिशवी, एवढं असलं तरी बाई तगून राहते, असं आमच्या बाई म्हणतात. किती साध्या गोष्टी, नाही? मला शाळेत इतकं कधी कळलं नव्हतं.

वाचून दाखवल्याबद्दल भाऊजींचे आभार. लोभ असाच राहू दे.

तुझी बडबडी

५ मार्च

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

घर फार शांत झालंय. कपबशा हल्ली हेच विसळतात. फळीवर ठेवण्याआधी प्रत्येक कप उलटा करून बुडाकडे बघतात, मग माझ्याकडे बघून हसतात. आम्ही दोघं मिळून सहाच कप वापरतो, पण हे कपाटातले सगळेच रोज बघतात.

किराण्याच्या यादीची पेन्सिल दोऱ्याला बांधलेली असायची, आठवतं? आता नुसता दोरा लोंबतोय. न्हाणीघराच्या दाराला रंग द्यायचा म्हणून कडी काढली. रंग अजून दिलेला नाही. शेजारची शिवणवाली यायची थांबली. आमची एखादी पिशवी तुमच्याकडे राहिलीय का, असं यांनी तिला अगदी गोड आवाजात विचारलं होतं.

तुझ्या पत्रांतून आपल्यालाही बरंच शिकायला मिळतं, असं यांनी कळवायला सांगितलंय. पुढचं लवकर लिही.

तुझी ताई

९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आई गेल्यावर तू आम्हा दोघींना वाढवलंस, म्हणून हे तुलाच लिहिते. आधी बस आणि मग वाच. ताईचं पत्र सोबत जोडलंय. ताईला लिहिते असं समजून मी भाऊजींना एकेक वाट दाखवत गेले, आणि त्यांनी एकेक बुजवली. माझ्या जिभेला हाड नव्हतंच, आता कळलं की हातालाही नाही.

मी पत्र घेऊन आमच्या बाईंकडे धावले. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन तिला घेऊन येते. त्यांनी अडवलं. म्हणाल्या, तुम्ही जाल, तो माणूस हसून चहा देईल, ती मान खाली घालून सगळं ठीक आहे म्हणेल, तुम्ही परत याल आणि मग ती त्याच्याजवळ एकटी उरेल. आधी तिला भीती वाटते हे तिने सांगायला हवं. तिच्या वतीने आपण सांगून चालणार नाही.

एकच गोष्ट मी पत्रात लिहायची विसरले होते. आमच्या वर्गात एक चष्मेवालाही आहे आणि त्याचं दुकान ताईच्याच गावात आहे. पहिल्या दिवशी मी त्याला हसले होते, की चष्म्याच्या दुकानात कसल्या जखमा येणार. आता तोच उपयोगी पडणार आहे. जवळचं वाचायला देतात त्या कार्डावर अक्षरं ओळीगणिक बारीक होत जातात. त्याने वेगळं कार्ड छापून घेतलंय. सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ अशी आहे: ‘घरात भीती वाटत असेल, तर ही ओळ दिसत नाही असं सांगा.’ भिंग लावलेल्या माणसालाच ती दिसेल, मागे उभ्या असलेल्याला नाही. तिने तसं सांगितलं, तर पुढच्या गुरुवारी डोळ्यांत औषध घालायच्या निमित्ताने तो तिला अंधाऱ्या खोलीत नेईल. त्या खोलीला मागच्या गल्लीत दार आहे. तिथे आमच्या बाई थांबतील.

तुझा शब्द भाऊजी मोडत नाहीत. पोरीचं अक्षर मला लागत नाही, तिला आधी चष्मा करून दे, असं त्यांना खडसावून लिही. चष्मेवाल्याचा पत्ताही दे. आणि हे पत्र जाळून टाक. मी चुकले गं आत्या.

तुझी बडबडी

२१ मार्च

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

आपली आज्ञा प्रमाण मानून सौभाग्यवतीला चष्मेवाल्याकडे नेऊन आणलं. हल्लीच्या दिवसांत बाईमाणसाला एकटं कुठे पाठवण्यात अर्थ नाही, म्हणून मी पूर्ण वेळ तिच्या खांद्याशी उभा होतो.

वरच्या ओळी तिने घडाघडा वाचल्या. शेवटच्या ओळीशी मात्र बराच वेळ थांबली. चष्मेवाल्याने भिंगं बदलून तीनदा विचारलं. तीनही वेळा तिने दिसत नाही असंच सांगितलं. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मी रुमाल दिला. ओळ मलाही दिसली नाही, पण मी काही रडलो नाही!

येत्या गुरुवारी औषध घालायला बोलावलंय. अंधाऱ्या खोलीत नातेवाइकांना बसू देत नाहीत म्हणे. हरकत नाही, मी दाराला टेकून बसणार आहे. दार एकच आहे. काळजी नसावी.

आपला कृपाभिलाषी

४ एप्रिल

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

मी कुठे आहे ते लिहायचं नाही असं ठरलंय, तेव्हा विचारू नकोस. हे पत्र तुमच्या बाई स्वतः तुझ्या हातात देतील. चष्मा मिळाला. बघ, अक्षर सरळ आलंय.

त्या गुरुवारी खोलीत काळोख होता. दाराखालच्या फटीतून यांचे बूट तेवढे दिसत होते. मधूनमधून हे बाहेरून विचारत होते, आणि चष्मेवाला आतून थोडा वेळ लागेल असं सांगत होता. मी मागच्या दाराने निघाले तेव्हाही बूट तिथेच होते. शेवटची ओळ मला पहिल्याच भिंगातून स्वच्छ दिसली होती. तीनदा म्हणवून घेतलं ते बरं झालं, पहिल्या वेळी माझं म्हणणं माझं मलाच नीट ऐकू आलं नव्हतं.

कडीचं वाक्य माझं नव्हतं. ते यांनी सांगून लिहून घेतलं, तू ओळखतेस का बघू म्हणाले. तू हसलीस हे वाचल्यावर दिवसभर खुशीत होते. तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुझ्याशी आता काही लपवायचं नाही, एवढंच.

इथे मी अजून कप उलटे करून बघते. आणि तुझं पत्र मनात वाचायला लागले की यांचाच आवाज ऐकू येतो, तसंच सावकाश, दोनदा. म्हणून मी तुझी पत्रं मोठ्याने वाचते. तेव्हा भरपूर लिही, जे मनात येईल ते लिही. मी घसा बसेपर्यंत वाचीन.

तुझीच,
ताई