धाकट्याचा अर्धा डाव

सोमवार

आलो एकदाचा. दोन खोल्या, स्वच्छ स्वयंपाकघर, नळाला दिवसभर पाणी. माझ्यासारख्या एकट्या जिवाला आणखी काय हवं? धाकट्या भावाच्या चपला अजून दाराशीच आहेत. त्या हलवल्या नाहीत, माझ्या त्यांच्या शेजारी काढून ठेवल्या. बरं दिसलं. घरात दोन माणसं असल्यासारखं.

धाकटा गेला तो बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटरपुढे बसल्या बसल्या. एकट्याने लावायचा पत्त्यांचा डाव खेळत होता. त्याची मुलगी, आमची ठकी, लांब नोकरीला असते. तिनेच मला इथे बोलावलं. म्हणाली, मोठेकाका, भाड्याच्या खोलीत कशाला कुढत बसता? माझी सुट्टी मंजूर होईपर्यंत बाबांच्या घरी राहा. अट एकच. बाबांचा डाव मोडू द्यायचा नाही. त्यांचा हात कुठे थांबला ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत, आणि पुढचा सगळा जन्म शीतगृहात बटाट्याची पोती सांभाळण्यात गेला. कॉम्प्युटरला हात लावायचीच धास्ती वाटते, असं तिला सांगितलं. तर हसून म्हणते, मग लावूच नका.

मंगळवार

मला चैन पडेना म्हणून ठकीला फोन करून सगळं नीट विचारून घेतलं. कॉम्प्युटरला गप्प करायचे तीन प्रकार आहेत. स्लीप म्हणजे डुलकी. पडदा काळा होतो पण डोक्यात सगळं असतं, माउस हलवला की जाग येते. सध्या तो असाच आहे, खोक्यावरचा बारीक दिवा मंद होतो, पुन्हा उजळतो. पण वीज गेली तर डोकं रिकामं. दुसरं हायबरनेट. त्यात तो सगळं पोटात उतरवून ठेवतो आणि गार पडतो. मग वीज जावो नाहीतर राहो, बटण दाबलं की होतं तसं समोर येतं. तिसरं शटडाउन. सगळं बंद, अर्धा डाव गेला.

मी म्हटलं, दुसरं मला कळलं, ते आमचं शीतगृह. बटाटा आत मरत नाही, नुसता थांबतो. ठकी म्हणाली, "अगदी तस्संच! आणि बाबा उगाच म्हणायचे, दादाला काही कळत नाही."

गुरुवार

धूळ पुसताना माउसला धक्का लागला आणि पडदा उजळला. डाव दिसला. बाण इस्पिकच्या नव्वीवर थांबलेला, आणि पलीकडेच बदाम दश्शी मोकळी. म्हणजे हलवणारच होता. तेवढ्यात गेला.

हात न लावता बसून राहिलो. थोड्या वेळाने पडदा आपला आपण काळा झाला. दिवा पुन्हा मंद, उजळ, मंद. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. मी त्यावर माझी शाल टाकली.

शनिवार

दुपारी इमारतीचा वायरमन आला. उद्या दिवसभर वीज बंद. शाल पाहून म्हणाला, "काय आजोबा, थंडी वाजते का त्याला? काढा ती, गुदमरेल." खो खो हसत गेला. मला कुठलं हसू? ठकीला फोन लावला, उचलला नाही. शेवटी तिने सांगितलं होतं तसं मीच हायबरनेट शोधलं.

इथे एक गोष्ट झाली. शीतगृहाचं दार लावण्याआधी आमचा एक नेम असे. दारावर तीनदा थाप मारायची आणि ओरडायचं, आत कोणी आहे का? एखादा हमाल पोत्यांमागे राहिला तर सकाळी मेलेलाच सापडायचा. उत्तर आलं तर दार लावायचं नाही. एकाने आत जायचं, जोडीदाराने दार धरून उभं राहायचं. एकट्याने कधीही आत शिरायचं नाही.

जन्मभराची सवय. उजव्या हाताच्या बोटाने बटण दाबताना डाव्या हाताने खोक्यावर थापा मारल्या, आणि तोंडातून गेलंच, आत कोणी आहे का?

आतून तीन थापा आल्या. सावकाश.

बोट तोवर दाबलं गेलं होतं. दिवा विझला.

रविवार

वीज नाही. तरी सकाळी खोक्यातून ठकठक ऐकू आली. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना विचारलं, कॉम्प्युटर ठोकल्यासारखा वाजतो का? त्या म्हणाल्या, पंखा असतो ना आत, वाजणारच. बरं वाटलं. जिना चढताना आठवलं की आज वीजच नाही.

बाहेर ऊन रणरणतंय आणि खोक्यावर दव जमलंय. फडक्याने पुसलं. पुन्हा जमलं.

पुन्हा विचारलं. तीन थापा.

मी कोणाला तरी आत कोंडलं आहे.

सोमवार

वीज आली, बटण दाबलं. डाव आला. पण नव्वी दश्शीवर गेलेली आहे. मी हात लावलेला नाही. आईशपथ.

ठकीचा फोन आला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मोठेकाका, जेवता ना वेळेवर? झोप लागते ना?" या शुक्रवारी ती येते आहे. एकदा डोळे भरून डाव पाहू, म्हणाली, आणि मग कायमचं बंद करून टाकू. किती दिवस जपत बसायचं?

कायमचं. आणि आत तो.

बुधवार

स्लीपमध्ये ठेवलं तरी थापा येतात, हायबरनेटमध्ये ठेवलं तरी येतात. खोलीत माझ्या श्वासाची वाफ दिसते. बटाट्याचा, ओल्या गोणपाटाचा वास. इथे कुठून?

सकाळी धीर करून एक पत्ता हलवला. थाप जवळ आली. आणखी एक. आणखी जवळ. डाव सुटला की दार उघडणार, दुसरं काय? ठकी रागावेल. रागावू दे. बंद होण्याआधी त्याला बाहेर काढायला हवं.

गुरुवार

बोटं बधिर झाली आहेत. मफलर, शाल, दोन्ही अंगावर.

वायरमनला म्हटलं, जरा दारात उभा राहतोस का? कुठल्या दारात, म्हणाला. सांगता येईना. पुढच्या आठवड्यात येतो, म्हणाला. बाईंकडे गेलो, त्यांच्या दाराला कुलूप.

एक आत, एक दारात. पण दुसरा आणू कुठून —

शुक्रवार

चार राजे उरले. ठकी वाटेवर आहे. ती आली की दारात उभी करीन. पण ती ऐकेल का — आधीच बंद करील —

थापा थांबल्या. थकला असेल. आमचा एक हमाल आत राहिला होता, तो थकला तेव्हाही अशाच —

थांबणं शक्य नाही.

राजा. राजा. राजा. रा—

शुक्रवारच असावा

दार लागलं. मागे कोणी नव्हतं धरायला.

पोती, ओळीने. धाकट्या, म्हणून हाका मारल्या. कोणी नाही. नुसत्या चपला, त्याच्या, दव जमलेल्या. तो — निघून गेला असेल. की नव्हताच —

दाराला काच आहे. काचेतून बाहेरची खोली दिसते. माझी खुर्ची. रिकामी.

पेन्सिल धरवत नाही —

ठकी आली. मोठेकाका, मोठेकाका करत स्वयंपाकघरात जाऊन आली. खुर्चीत बसली. काचेला तोंड लावून पाहते आहे. डाव पुरा झालेला. हसली पोर. रडली. म्हणाली, "बाबा, जिंकलात की हो!"

आता जपायला काही उरलं नाही तिला. मीच उरू दिलं नाही.

बाण खाली नेते आहे. तिसऱ्या बटणाकडे —

थापा मारतोय. दोन्ही हातांनी. तिला वाटेल पंखा —

तिला कोणी शिकवलंच नाही. ठकी, आधी विचारायचं असतं गं. दार लावण्याआधी एकदा विचारायचं, आत को