भोपळे न बांधता

अहो,

आज सकाळी वसंता भोपळे न बांधता डोह ओलांडून परत आला. तुमचा धाकटा भाऊ, जो पाठीला वाळके भोपळे बांधल्याशिवाय कृष्णेत पाऊल घालत नव्हता, तो! घाटावरच्या बाया कौतुक करत होत्या आणि मला रडू फुटलं. कुणाला सांगू, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

समुद्रावरच्या नोकरीची ही वाट पाडलीत तुम्हीच. पलटणीतून सुटून आलात आणि घरचं गुऱ्हाळ सोडून अरबांच्या समुद्रात तेल काढायला गेलात. पहिल्या रजेला आलात तेव्हा अंगात टेरिलिनचा सदरा, हातात ट्रान्झिस्टर. पारावर बसून काय त्या गोष्टी! समुद्राच्या पोटाला भोक पाडतात, भर पाण्यात लोखंडी माच्यावर माणसं राहतात, आणि पगार असा की मामलेदारानं लाजावं. पार उंब्रजपर्यंतची पोरं तुमच्या मागे लागली. तेव्हा मीही मिरवलं, खोटं कशाला बोलू?

आता येऊन गाव बघा. ज्या घरचा माणूस तिकडं गेला, त्या घरावर नवे पत्रे आहेत. पण ऊस तोडायला गडी नाही. राहिलेले मागतात ती मजुरी गुळाच्या भावात बसत नाही. औंदा आपल्या गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलंच नाही, मामंजींच्या हयातीत पहिल्यांदा. सांगलीच्या पेठेतला अडत्या निरोप धाडून विचारत होता, गुळाच्या ढेपा का आल्या नाहीत म्हणून. मामंजी रोज सकाळी रिकाम्या काहिलीपाशी जाऊन बसतात.

आणि तुमच्या मागे लागलेल्या पोरांतल्या त्या शिरपाचं काय? बोटीवर पोहणारीच माणसं घेतात, हे ठाऊक असून त्याला आपल्या ओट्यावर बसवून तुम्ही पढवलंत, "पवायला येतंय म्हणून ठोकून दे. मी हाय की रं!" एवढा कसला भरवसा होता हो? बोट उलटली तेव्हा तुम्ही पोहत माच्यापर्यंत पोचला होतात. शिरपानं परत आल्यावर सगळं सांगितलं. "आवं वैनी, दादा माझ्यासाठनं माघारी आलं. मला फळकुटावर घातलं, आन् मग लाट आली. पुन्यांदा दादा दिसलंच न्हाईत." तो आता आपल्या रानात राबतो, मजुरी घेत नाही आणि मान वर करून माझ्याकडं बघत नाही. मला त्याचा राग येत नाही. तुमचा येतो.

कृष्णेत सोडायला तुमची चिमूटभर राखसुद्धा हाती आली नाही.

मग कंपनीनं कळवलं, तुमच्या जागेवर भावाला घेतो. वसंता हरखला. लष्करात छाती भरली नव्हती, गुऱ्हाळ बंद, तो तरी काय करणार? तरी मला म्हणाला, "वैनी, तुमी न्हाई म्हणलासा तर न्हाई जायचा." माझ्यानं नाही म्हणवेना. म्हटलं, "बिनभोपळ्याचा डोह पार करून दाव, मग जा." वाटलं, हा जन्मात करणार नाही. माझं माहेर नदीकाठचं, म्हणून शिकवायला मीच पाण्यात उभी राहिले. आणि मनात रोज एकच, याची भीती जाऊ नये. शिकवणारीनं असं मागावं का?

आज ओल्या अंगानं पुढ्यात येऊन उभा राहिला. "वैनी, जातू आता. शबूद दिला हुता तुमी."

दिला होता. पोहणारा बुडत नाही, असं त्याला कोणत्या तोंडानं सांगू? गावात सगळ्यात चांगले पोहणारे तर तुम्हीच होता!

शब्द मोडणार नाही, पाठवते त्याला. पण तुम्हालाही एक शब्द देते. भोपळे त्याच्या वळकटीत बांधीन, हसतील त्यांना हसू दे. आणि कृष्णेच्या पाण्यात उभं करून त्याच्याकडून आण घेईन, की बोट उलटली तर माघारी फिरायचं नाही. कुणासाठीच नाही.

तो तुमचा भाऊ आहे. आण मोडील, हेही मला ठाऊक आहे. म्हणून उद्यापासून त्याच्याबरोबर जाणारं एकेक पोर मी आधी या डोहात घालणार आहे. पोहता आल्याशिवाय एकालाही गावाची वेस ओलांडू देणार नाही. माघारी फिरावं असं त्याच्यामागं कुणी उरायलाच नको.

तुमची,
शालन