नव्या चकत्या आणि गावदेवीचा अंगारा

३ जून
वहीबाई, माफ कर. दीड महिना लिहिलं नाही. कंपनीत नव्या वेफर आल्यात, त्यांच्या काळजीत होतो. वेफर म्हणजे सिलिकॉनची आरशासारखी चकती, तिच्यावर चिपा बनतात. जुनी सहा इंची होती. अठरा वर्षं तिचे डबे वाहिले, एक फुटली नाही. नवी आठ इंची, पापडासारखी पातळ. भट्टीतून निघाली की वाकते. यंत्राचा हात उचलायला जातो, तडकते. माझ्याशिवाय जमणार नाही.

५ जून
स्वरूप इंजिनियरला सांगितलं, मला हाताने उचलू द्या. तो म्हणाला, बाबा, तुमचा हात थरथरतो, तुमी डबे पुसा. थरथरत नाही. चहा झाला नव्हता.

९ जून, रात्री ९
उपाय सापडला. आमच्या वैशाखरे गावच्या गावदेवीचा अंगारा. हातमोज्यातून चिमूटभर आत नेला, यंत्राच्या हाताला लावला. पेरणीआधी नांगराला लावतो तसाच. काल पाच फुटल्या, आज दोन. स्वरूपने आजच त्या हाताची रबरं बदलली, त्याला वाटतं त्यानेच केलं.

१२ जून
फुटणं कमी, पण चिपा मरतायत. स्वरूप म्हणतो आत धूळ येतेय, एका कणाने चीप जाते. अंगारा दुप्पट केला.

१६ जून
महिनाअखेर चांगला माल गेला नाही तर नवी लाइन बंद. धूळ आणणारा सापडला की बाहेर. माझी नात अपेक्षा याच लाइनवर दुर्बिणीखाली चकत्या तपासते. आईबापामागे मीच वाढवली. बसमध्ये म्हणाली, आजोबा, तुमच्या खिशाला राखाडी कायतरी लागलंय. मी म्हटलं, पीठ असेल.

१७ जून
खूप विचार केला. अपेक्षा तोंडाला पावडर लावते. धूळ तिचीच. स्वरूपला नाव दिलं. ओरडतील, सवय सुटेल. पोरीचं भलंच होईल.

१८ जून
तिला काढलं. म्हणाली, पावडर सोडून वरीस झालं, तुमाला ठाव हाय. मी म्हटलं, कंपनी आधी. तिने भाकरी केली, पुढ्यात ठेवली. मीठ कमी होतं.

२१ जून
अपेक्षा कल्याणला मैत्रिणीकडे, रोशनीकडे गेली. फोन घेत नाही. राग आहे, जाईल.

२४ जून
धूळ तशीच. अंगारा तिप्पट.

२७ जून
तपासणीचा कागद आला. पावडर नाही, राख. स्वरूपने विचारलं, राख कोण आणतं. मी लगेच म्हटलं, अपेक्षाच आणायची, देवभोळी आहे. गेलेल्या माणसाचं काय बिघडतं. तो म्हणाला, ती जाऊन नऊ दिस झाले, बाबा. हातमोजे काढा.

३० जून
घरीच. यंत्र पुसून घेतलं म्हणे. पंचवीसच्या पंचवीस चकत्या सलग निघाल्या, चिपाही जिवंत. अंगाऱ्याला गुण यायला वेळ लागतो, कुणी समजून घेत नाही. माझा कंपनीतला डगला आता माझ्या जागी घेतलेली बाईजा घालते. गावात कळलं, अपेक्षाला परत बोलावलंय.

अपेक्षा, तू फोन घेत नाहीस म्हणून इथं लिहितो. कामावर जाशील तेव्हा साहेबांना असं सांग, ‘राख माझी होती, आजोबांची नाही.’ तू शिकलेली, तुला दुसरीकडेही घेतील. माझं वय झालं. घरी नाही आलीस तरी चालेल. सांगणार का तेवढं लवकर कळव.